पारंपरिक धर्मसमुदायांतील स्त्रिया व समलिंगी व्यक्तींचे समावेशन : कळवा-ठाणे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

एखाद्या व्यक्तीला धर्मसमुदायात स्थान आहे किंवा नाही, हे ठरविताना सामान्यतः देवळाच्या दाराकडे पाहिले जाते. महाराष्ट्रातील गेल्या शतकभरातील मोठे धार्मिक संघर्षही दारापाशीच घडले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० मध्ये सुरू झालेला सत्याग्रह, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये केलेले उपोषण, २०१६ मधील शनिशिंगणापूरचे आंदोलन, ही त्याची ठळक उदाहरणे होत. या संघर्षांचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे. तथापि कुटुंबाच्या व गावकीच्या पातळीवर धर्म जगला जातो तो गाभाऱ्यात फारसा नाही. तो लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवाच्या बैठकीत, पूजेच्या चौरंगापुढे आणि अखेरीस स्मशानात जगला जातो. या ठिकाणी कोण बसतो, कोणाच्या हाताला मान मिळतो, विधी कोण सांगतो आणि कोणाला मागच्या रांगेत उभे राहावे लागते, यावरून समावेशनाचे खरे स्वरूप अधिक स्पष्टपणे कळते. स्त्रियांचा प्रश्न व समलिंगी व्यक्तींचा प्रश्न एरवी वेगवेगळ्या चर्चासत्रांत मांडले जातात. विवाहविधीच्या बाजूने पाहिल्यास मात्र त्यांची मुळे एकाच ठिकाणी असल्याचे आढळते.

या विवेचनासाठी कळवा व त्याच्या भोवतीचा ठाणे परिसर उपयुक्त ठरतो. ठाण्याच्या खाडीपलीकडे, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या उपनगरात खारीगाव, विटावा यांसारखी आगरी-कोळ्यांची जुनी गावे आहेत. त्यांच्याभोवती कोकण, घाटमाथा, खानदेश येथून आलेल्या कुटुंबांच्या चाळी व गृहसंकुले उभी राहिली आहेत. पुढचेच स्थानक मुंब्र्याचे असून तेथे मुस्लिम समाजाची मोठी वस्ती आहे. खाडी ओलांडून ठाण्यात आले की जुने चर्च आणि १८७९ मध्ये बांधलेले बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉगही आढळते. तासाभराच्या परिघात इतक्या परंपरा नांदत असल्याने 'परंपरेत असे चालत नाही' या विधानाची पडताळणी येथे सहज करता येते.

मांडवातील अधिकार : धवलारीण

स्त्रीपुरोहित ही अलीकडच्या शहरी सुधारणावादातून आलेली कल्पना आहे, असा समज सुशिक्षित वर्गात दृढ आहे. ठाणे-रायगड पट्ट्यातील आगरी-कोळी लग्नपरंपरा या समजाला छेद देते. या समाजाच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरविण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला 'धवला' गायला जातो. तो गाणारी स्त्री म्हणजे धवलारीण. बहुधा ती वयस्क असते. हे गीत तिने पोथीवरून पाठ केलेले नसते. आईच्या, सासूच्या किंवा शेजारणीच्या मागे बसून ऐकता ऐकता ते तिच्या मुखी आलेले असते. देवांना, गावदेवीला व पितरांना मांडवात बोलावणे, पुढचा विधी कोणता ते सांगणे, नवरा-नवरीला आशीर्वाद देणे, ही सर्व कामे धवल्याच्या आधारे चालतात. भाषा आगरी बोली. संस्कृतचा त्यात संबंध नाही आणि त्यावाचून लग्नाचे काही अडत नाही असाच समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. उत्तरेकडे पालघर भागातील वारली समाजातही लग्नविधी 'धवलेरी' स्त्रीच्या गाण्याने चालतो आणि लग्नघराच्या भिंतीवरील चौक सवाष्णी लिहितात.

लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी धवल्यांकडे लक्ष दिले ते प्रामुख्याने गीते म्हणून. त्यांचे संकलन झाले, त्यांतील प्रतिमांची चर्चा झाली. धवलारीण ही विधीची अधिकारी व्यक्ती आहे, ही बाजू मात्र काहीशी दुर्लक्षित राहिली. मंत्र म्हणणाऱ्याला पुरोहित म्हणायचे आणि धवला म्हणणारीला गायिका, हा भेद अभ्यासकाच्या मनातला आहे. मांडवातल्या माणसांना तो जाणवत असेलच असे नाही.

शहरीकरणाबरोबर या प्रथेला ओहोटी लागली. लग्न अंगणातून सभागृहात गेले. सभागृह तासांच्या हिशेबाने मिळते, धवला मात्र त्या हिशेबात बसत नाही. ध्वनिक्षेपकाच्या भिंतींपुढे एका वृद्ध स्त्रीचा आवाज टिकत नाही, हेही खरे. त्याचबरोबर भटजींना बोलावून लग्न लावणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाऊ लागले. म्हणजे येथे आधुनिकतेबरोबर स्त्रीचा धार्मिक अधिकार वाढला नाही, घटला. समाजशास्त्रात ज्याला संस्कृतीकरण म्हणतात त्या प्रक्रियेची किंमत अनेकदा स्त्रियांनी चुकती केली आहे. धवलारीण हे त्याचे कळव्याच्या वेशीवरचे उदाहरण होय.

तरीही या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मांडवातला अधिकार मांडवापुरता असतो. गावकीची बैठक, देवस्थानचा कारभार, पालखीचा मान यांबाबतचे निर्णय पुरुषच घेत आले. शिवाय मराठी लग्नविधीत हळद लावणे, चौक भरणे, ओटी भरणे हे मान सामान्यतः सवाष्णीचे आहेत. स्त्रीचे धार्मिक स्थान तिच्या पतीच्या हयातीशी जोडलेले आहे. काल ज्या हाताने हळद लावली तो हात वैधव्यानंतर मांडवात पुढे करता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्यात कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या कृतींचा उल्लेख होता. राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सुचविले. या ठरावाकडे केवळ अनिष्ट रूढीविरोधी पाऊल म्हणून पाहणे अपुरे आहे. विवाह नसलेल्या व्यक्तीला विधीत स्थान असू शकते का, हा त्यातला मूळ प्रश्न आहे. समलिंगी व्यक्तींच्या संदर्भात नेमका तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

उंबरठ्यावरील संघर्ष आणि त्याची मर्यादा

नोव्हेंबर २०१५ मध्ये शनिशिंगणापूर येथे एका स्त्रीने शनीच्या चौथऱ्यावर चढून दर्शन घेतले. त्यानंतर गावकऱ्यांनी मूर्तीचे शुद्धीकरण केले आणि वाद पेटला. विशेष म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये या देवस्थानाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी प्रथमच एका स्त्रीची निवड झाली. देवस्थानचा कारभार पाहणारी स्त्री चालते, पण चौथऱ्यावर चढणारी चालत नाही, अशी ही विसंगती होती. विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी आदेश दिला. त्याचा आधार होता १९५६ चा हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाविषयीचा महाराष्ट्राचा कायदा. मूळात जातिभेदाच्या निवारणासाठी केलेला हा कायदा साठ वर्षांनी स्त्रियांच्या उपयोगी पडला. देवस्थानने आरंभी चौथरा सर्वांनाच, म्हणजे पुरुषांनाही, बंद करून समता साधण्याचा मार्ग काढला होता. गुढीपाडव्याला, ८ एप्रिल २०१६ रोजी, पुरुषांनी ती बंदी मोडून चौथऱ्यावर जल अर्पण केले आणि त्याच दिवशी तो स्त्रियांनाही खुला झाला.

मुंबईच्या हाजी अली दर्ग्याचे प्रकरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. तेथे मजारीपर्यंत स्त्रियांना पूर्वी जाता येत होते. बंदी अलीकडची, या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीची होती. म्हणजे 'परंपरा' म्हणून जिचे समर्थन केले जात होते ती प्रथा काही वर्षांचीच होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या याचिकेवर २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरविली. विश्वस्तांनी सर्वोच्च न्यायालयात प्रवेश देण्याची तयारी दर्शविली आणि नोव्हेंबरअखेर स्त्रिया पुन्हा मजारीपर्यंत गेल्या. मशिदीत स्त्रियांना नमाज अदा करता यावी यासाठी पुण्यातील एका दांपत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीवर अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्राद्वारे सांगितले की स्त्रियांना मशिदीत येण्यास धर्माची मनाई नाही. धर्मग्रंथात मनाई नाही, तरी अनेक मशिदींत त्यांच्यासाठी जागाच नाही. हा अनुभव एकट्या मुस्लिम समाजाचा नव्हे.

न्यायालय दार उघडू शकते, कारण दार सार्वजनिक असते. आत गेल्यावर पूजा कोण सांगणार, हे मात्र न्यायालयाच्या आदेशाने सहसा ठरत नाही. शबरीमलाच्या २०१८ च्या निर्णयानंतर उद्भवलेले प्रश्न नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवावे लागले, यावरूनही न्यायालयीन मार्गाची अडचण लक्षात येते.

अधिकार शिकून मिळविण्याचा मार्ग

याउलट पौरोहित्याच्या क्षेत्रात झालेला बदल फारशा गाजावाजाशिवाय झाला. पुण्यात शंकरराव थत्ते यांच्या शंकर सेवा समितीने १९७० च्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास प्रारंभ केला. पुढे ज्ञान प्रबोधिनीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांसाठी प्रशिक्षण सुरू केले. आरंभी टीका झाली. परंतु यजमानांनीच हळूहळू कौल दिला. मंत्रांचा अर्थ मराठीतून समजावून सांगणे, वेळ पाळणे, दक्षिणेविषयी घासाघीस न करणे या अगदी व्यावहारिक कारणांनी स्त्रीपुरोहितांना मागणी आली. धर्मसुधारणेच्या इतिहासात तत्त्वचर्चेइतकाच अशा साध्या सोयींचाही वाटा असतो.

वारकरी संप्रदायात जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई अशी संत स्त्रियांची परंपरा आहे. तिचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो. बहिणाबाईंनी (१६२८-१७००) आपल्या अभंगांतून स्वतःचे चरित्र सांगितले. पतीचा विरोध, ब्राह्मण असूनही तुकोबांना गुरू मानल्यामुळे झालेला त्रास, हे सारे त्यात आले आहे. मात्र संत म्हणून स्त्री पूज्य ठरली तरी फडप्रमुख, वंशपरंपरागत पुजारी किंवा बडवे या पदांवर ती आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये पंढरपुरातील बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांवर अखेरचा पडदा टाकला. त्यानंतर मंदिर समितीने स्त्रियांसह सर्व जातींच्या इच्छुकांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. वंशाने चालत आलेला हक्क संपल्यावरच लिंगाचा अडसर दूर करण्याचा विचार पुढे आला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. स्त्रीला दूर ठेवणारी व्यवस्था ही पुष्कळदा जातीचीच व्यवस्था असते.

ठाण्याचे बेने इस्रायल : वेगळी चूल आणि सोयरिकीची कसोटी

ठाण्याचे 'शार हशमाईम' सिनेगॉग परंपरेने चालते. यहुदी सामूहिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ व्यक्तींची गणसंख्या लागते आणि सनातनी पद्धतीत त्या दहांत केवळ पुरुष मोजले जातात. नऊ पुरुष व वीस स्त्रिया जमल्या तरी गणसंख्या अपुरीच. इस्रायलकडे झालेल्या स्थलांतरानंतर संख्येने रोडावलेल्या समाजात या नियमाचा अर्थ केवळ तात्त्विक उरत नाही.

याच मराठीभाषक समाजातील डॉ. जेरूशा झिराड (१८९०-१९८४) यांचे कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे. कामा रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. पद्मश्रीनेही त्यांचा गौरव झाला. परंतु लंडनमधील उदारमतवादी यहुदी चळवळीपासून, विशेषतः लिली माँटेग्यू यांच्या विचारांपासून प्रेरणा घेऊन त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजियस युनियनची स्थापना केली, ही बाब मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. त्यातूनच भायखळ्याचे 'रोडेफ शालोम' हे उदारमतवादी सिनेगॉग उभे राहिले. जुन्या सिनेगॉगशी भांडत बसण्याऐवजी त्यांनी वेगळी चूल मांडली. त्या मार्गाने स्वातंत्र्य मिळाले, पण मूळ समुदायाचा नियम तसाच राहिला.

बेने इस्रायलांना बहिष्काराची झळ स्वतःलाही बसली होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमधील प्रधान धर्मपीठाने बेने इस्रायलांचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश दिले. प्रार्थनेला या, सैन्यात या, शेतावर राबा. सोयरिकीच्या वेळी मात्र वंशावळ दाखवा, असा त्याचा अर्थ झाला. समाजाने निदर्शने केली व १९६४ मध्ये इस्रायल शासनाने हस्तक्षेप करून बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. सभासदत्वाची अखेरची परीक्षा विवाहापाशी घेतली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी माणसाच्या इतिहासात शोधूनही सापडणे कठीण.

तृतीयपंथी आणि समलिंगी : दोन भिन्न स्थाने

लैंगिकतेच्या चर्चेत तृतीयपंथी व समलिंगी या दोहोंची सरमिसळ नित्य होते. धर्मपरंपरेने या दोघांना दिलेली वागणूक मात्र एकसारखी नाही. तृतीयपंथी व्यक्तीला परंपरेत ठरावीक, जरी हीन असले तरी दृश्य, स्थान आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिलेला जोगता लुगडे नेसतो, डोक्यावर जग घेतो, जोगवा मागतो आणि लोक त्याच्या पाया पडतात. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीने त्याच्या वाट्याला येणारे दैन्य मराठी वाचकांपुढे आणले आहे. पाया पडणारे लोक त्याला पंगतीत बसवतीलच असे नाही. तरी त्याच्यासाठी एक शब्द आहे, एक देवी आहे आणि एक काम आहे.

या स्थानाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा सर्वांत लक्षवेधी प्रयत्न ठाणेकर व्यक्तीनेच केला. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' मराठीत प्रसिद्ध झाले आहे. तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणाऱ्या एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातही त्या पक्षकार होत्या. २०१५ मध्ये किन्नर आखाडा स्थापन झाला आणि २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात लक्ष्मी त्याच्या आचार्य महामंडलेश्वर म्हणून मिरवणुकीत अग्रभागी होत्या. तेरा आखाड्यांच्या परिषदेने चौदावा आखाडा म्हणून मान्यता नाकारली. अखेर २०१९ च्या प्रयागराज कुंभात किन्नर आखाड्याने जुना आखाड्याशी हातमिळवणी करून त्याच्यासोबत शाही स्नान केले. वेगळी चूल मांडल्यावर पुन्हा जुन्या घराशी सोयरीक जुळविण्याचा हा प्रकार होता. त्याला दुसरी बाजूही आहे. राममंदिराच्या बाजूने लक्ष्मी यांनी २०१८ मध्ये घेतलेल्या भूमिकेवर तृतीयपंथी समुदायातीलच अनेक व्यक्ती व संघटनांनी जाहीर आक्षेप नोंदविला. समुदाय आपल्यात घेतो तेव्हा तो बदल्यात निष्ठाही मागतो आणि ती निष्ठा इतर दुर्बलांच्या विरोधात जाऊ शकते, ही शंका त्यामागे होती.

समलिंगी व्यक्तीची स्थिती याहून निराळी आहे. तिला देवळाच्या दारात कोणी अडवीत नाही, कारण ती ओळखूच येत नाही. भजनी मंडळात टाळ वाजविणारा, गणेशोत्सवात वर्गणी गोळा करणारा, रविवारी चर्चमध्ये गाणारा तरुण समलिंगी असू शकतो. तो बोलत नाही तोवर त्याचे सभासदत्व अबाधित असते. बहिष्कार येथे दाराने होत नाही, मौनाने होतो. आणि ते मौन साधारणपणे पंचविशीच्या पुढे टिकेनासे होते, कारण तेव्हा घरात लग्नाचा विषय निघतो.

ग्रंथांचा दाखला नेहमी दिला जातो म्हणून त्याविषयी थोडे. मनुस्मृतीने पुरुषांमधील संबंध एका ठिकाणी जातिभ्रंशकर म्हटले आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी द्विजाला त्यासाठी सचैल स्नानाचे, म्हणजे नेसत्या वस्त्रांनिशी आंघोळीचे, प्रायश्चित्त सांगितले आहे. स्त्रियांच्या बाबतीत तिच्यातील शिक्षा कितीतरी कठोर आहे. ग्रंथाचा कल त्यातून उघड होतो. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली ती १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ३७७ मधून, म्हणजे इंग्रजी कायद्यातून. तरीही २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये फिरविला, त्या खटल्यात हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती अशा विविध धर्मांतील संस्था व व्यक्ती एका बाजूला उभ्या होत्या. एरवी क्वचित दिसणारे असे सर्वधर्मीय ऐक्य या प्रश्नावर दिसावे, हे विचार करायला लावणारे आहे. ठाणे ज्या मुंबई धर्मप्रांतात मोडते त्याचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी मात्र त्याच वेळी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानण्यास विरोध नोंदविला. समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध असल्याचेही त्यांनी त्याचबरोबर स्पष्ट केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले.

व्यक्ती मान्य, जोडी अमान्य, ही रेषा जगभरच्या सनातनी समुदायांनी आखली आहे. अमेरिकेतील सनातनी यहुदी धर्मगुरूंच्या एका गटाने २०१० मध्ये काढलेल्या निवेदनात समलिंगी व्यक्तींना सिनेगॉगमध्ये सन्मानाने सामावून घ्यावे, त्यांना विरुद्धलिंगी विवाहासाठी भाग पाडू नये, असे म्हटले होते. समलिंगी जोडप्याच्या विवाहविधीला मात्र धर्माची संमती देता येणार नाही, असेही त्यात होते. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली, पण तो आशीर्वाद लग्नासारखा दिसता कामा नये ही अट घातली. या भूमिकांना केवळ दांभिक म्हणून झटकणे योग्य नाही. विरुद्धलिंगी विवाहाची सक्ती करू नये, हे एक वाक्य मराठी घरांत जरी मान्य झाले तरी पुष्कळ साधेल.

कारण त्या सक्तीचा भार एकट्या मुलावर पडत नाही. 'लग्न केले की सुधारेल' या समजुतीने लावून दिलेल्या लग्नात दुसऱ्या घरची मुलगी येते. तिला काहीच सांगितलेले नसते. मूल होत नाही म्हणून उपास, नवस, अंगारेधुपारे तिलाच करावे लागतात. वांझपणाचा ठपकाही तिच्याच माथी येतो. विवाहाशिवाय विधीत स्थान नाही, हा एकच नियम विधवेला हळदीकुंकवातून उठवतो, समलिंगी मुलाला बोहल्यावर उभा करतो आणि त्याच्या पत्नीला आयुष्यभर दोषी ठरवतो. समलिंगी मुलीची कोंडी तर दुहेरी असते, कारण नोकरी करून स्वतंत्र राहण्याची मुभाही तिला भावाइतकी मिळत नाही. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग' या नाटकात मुलगा समलिंगी असल्याचे कळल्यावर आईच्या मनात उठणारे वादळ आले आहे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ पासून बिंदुमाधव खिरे यांनी स्थापिलेला समपथिक ट्रस्ट यांनी या क्षेत्रात काम केले आहे. महाविद्यालयांत हा विषय येतो तो बहुधा मानसशास्त्राच्या तासाला, एखाद्या प्रकरणाच्या शेवटी. समाजशास्त्राच्या 'विवाहसंस्था' या घटकात तो अधिक समर्पक ठरेल.

अंत्यविधी : अनुत्तरित प्रश्न

समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी, या मागणीवर १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, याबाबत पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. सुनावणीच्या वेळी केंद्र शासनाने हिंदूंमध्ये विवाह हा संस्कार आहे, या मुद्द्यावर भर दिला होता. संस्काराचे स्वरूप कोण ठरवतो, हा प्रश्न त्यातून पुन्हा समाजाकडे आला. धवलारणीच्या मुखातून झालेले लग्न हाही संस्कारच आहे आणि तो कोणत्याही स्मृतीने सांगितलेला नाही.

या निर्णयानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाच्या विविध विभागांनी काही सूचना काढल्या. एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब मानावे, त्यांना संयुक्त बँक खाते उघडता यावे, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृत जोडीदाराचे शव ताब्यात घेता यावे, असे त्यांत म्हटले आहे. शिधापत्रिका व बँक खाते या शासनाच्या कक्षेतील बाबी आहेत. शवाचे तसे नाही.

मराठी हिंदू घरांत स्मशानात जाणे, अग्नी देणे, पिंडदान करणे ही पुत्राची कर्तव्ये मानली गेली. स्त्रिया दारातूनच परत फिरत. गेल्या काही दशकांत मुलींनी वडिलांना अग्नी दिल्याच्या, सुनांनी सासूच्या तिरडीला खांदा दिल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्यासाठी कोणता कायदा झाला नाही की खटला चालला नाही. मुलगा नव्हता किंवा परदेशातून वेळेवर पोहोचू शकत नव्हता, म्हणून मुलगी पुढे झाली आणि उपस्थितांनी वाट करून दिली. भटजींनीही मंत्र म्हटले. रूढी बदलली ती गरजेपोटी, पण बदलली.

समलिंगी जोडीदाराच्या बाबतीत ही गरज समाजाला अद्याप वाटलेली नाही. वीस वर्षे एका घरात राहिलेल्या दोघांपैकी एक गेला तर गावाहून चुलतभाऊ येतात आणि उरलेला 'मित्र' म्हणून गर्दीत मागे उभा राहतो. रुग्णालयातून शव कोणाच्या ताब्यात द्यायचे, त्याचे उत्तर २०२४ च्या पत्रात आहे. तेही नातेवाईक नसतील तरच. अग्नी कोणी द्यायचा, पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन चितेभोवती कोणी फिरायचे, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर कोणी थांबायचे आणि तेराव्याच्या पंगतीला यजमान म्हणून कोणाच्या नावाने बोलावणे जायचे, हे त्या पत्रात नाही. ते भावकी ठरवते, आणि भावकीला त्या दोघांचे नाते सांगितलेले नसते.